मिस्त्रीच्या कानामागचं हाड

कारकुनाने काचेखालून कागद सरकवला आणि खाली मान घालूनच काहीतरी पुटपुटला. मिस्त्रीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, दोनदा वाचला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"काय म्हणतो?" मिस्त्रीने विचारलं. त्याच्या मते हळूच. पण ऑफिसातल्या चारही खुर्च्या वळल्या.

"म्हणतो, तुमच्या कानाच्या पडद्यामागे जुना आजार आहे," बायको त्याच्या समोर येऊन म्हणाली. "घरचा आजार. गिरणीचा संबंध नाही. आणि महिन्याभरात तुम्ही काही केलं नाहीत, तर फिटरच्या कामाला अपात्र म्हणून घरी."

"मला आजार? अगं, जन्मात कधी कान फुटला नाही माझा! साधा ठणकला नाही!"

"मला काय सांगता? त्याला सांगा."

मिस्त्रीने सांगितलं. काच हलली. कारकून म्हणाला, "ओरडू नका, ऐकू येतं मला." त्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला येतं हो. त्यांना येत नाही, म्हणूनच आलोय ना इथे!"

भांडण समजून घ्यायचं तर ते एवढंच आहे. कान शेडमधल्या आवाजाने गेले असं कागदावर आलं, तर गिरणीला माणूस काढता येत नाही. त्याला आवाजाबाहेरचं काम द्यावं लागतं, हुद्दा तोच ठेवून, आणि कानातलं यंत्रही द्यावं लागतं. कान आजाराने गेले असं आलं, तर गिरणीने हात झटकले. एकोणतीस वर्षांचा माणूस एका ओळीत बाहेर. आणि ती ओळ कुणी लिहिली? ज्याला गिरणीनेच बोलावलं होतं, त्याने.

मिस्त्री विणाई खात्यात फिटर. शेडमध्ये एकशे वीस माग, सगळे एकदम चालतात. तिथे माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. दोन बोटं वर म्हणजे धागा तुटला, मूठ कपाळाला म्हणजे साहेब येतोय, करंगळी म्हणजे काय ते सगळ्या जगात सारखंच. बाहेरचा माणूस पाच मिनिटांत कानांवर हात ठेवून पळतो. आतला माणूस पहिल्या वर्षी घरी जाऊन ओरडून बोलतो, दहाव्या वर्षी घरच्यांना ओरडायला लावतो, आणि विसाव्या वर्षी त्याच्याशी कुणी फारसं बोलायलाच जात नाही. कानात घालायच्या रबरी गोळ्या स्टोअरच्या कपाटात कुलपात होत्या. त्या फक्त बाहेरचे पाहुणे तपासणीला आले की निघायच्या.

आणि मिस्त्री म्हणजे साधासुधा फिटर नव्हे. मागाच्या मोटरमधलं बेअरिंग खराब होतंय की नाही, हे तो उघडून न बघता सांगायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. शेडमध्ये प्रलय चाललेला असो, लोखंडातून हाडात आणि हाडातून आत जो येतो, तो त्या एका मोटरचाच आवाज. "चार दिवस देतो याला," असं म्हणून तो पुढे जायचा, आणि पाचव्या दिवशी मोटर बसायची. नवे फिटर त्याची नक्कल करायचे. त्यांना काही कळायचं नाही. मिस्त्री हसायचा, "बेट्या, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांकडे आहे. हाड कुणाकडे आहे?"

आता गिरणीची तपासणी कशी झाली ते ऐका. एक दिवस अंगणात बंद गाडी उभी राहिली. गाडीत एक पेटी, एक टेबल, आणि एक घाईतला माणूस. दिवसभरात चाळीस कान उरकायचे होते त्याला. माणसं वीस, पण तो कानच मोजत होता. मिस्त्रीच्या कानांवर त्याने आधी मोठे गोल फोन चढवले. हातात बटणाची दांडी दिली. "जरा जरी ऐकू आलं तरी दाबा. शंका आली तरी दाबा." मग फोन काढले आणि कानामागच्या हाडावर स्प्रिंगच्या पट्टीने काडेपेटीएवढी काळी डबी बसवली. "परत तेच. दाबत राहा."

डबी हाडाला टेकताच मिस्त्री मनात हसला. हे तर आपलंच काम! आयुष्यभर ज्या हाडाने मोटरी पास-नापास केल्या, तेच हाड. डबी कुरकुरली की त्याने बटण दाबलं. अगदी बारीक कुरकुरली तरी दाबलं. गाडीतून उतरताना त्याची छाती फुगली होती. "हाडाची परीक्षा पहिल्या नंबराने पास झालो," त्याने घरी सांगितलं.

"मग जेवायला चारदा हाक मारली ती का नाही ऐकू आली?" बायको म्हणाली.

"ती हाडातून मारायला हवी होतीस."

हाच तो पहिला नंबर. त्यानेच त्याच्या पोटावर पाय दिला.

कागद हातात आला त्या दिवसापासून मिस्त्रीचं डोकं फिरलं. चहाचा कप आपटायचा, दार आपटायचं, आणि आपटल्याचा आवाज स्वतःला येत नाही म्हणून आणखी जोरात आपटायचं. बायको कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं-बटणं करते. तिने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "दार मोडलं तर नवीन कुणी बसवायचं? त्यापेक्षा मोठ्या इस्पितळात जा. तिथे कानाचा वेगळा विभाग आहे. दुसरा रिपोर्ट आणा. कागदाला कागद द्यायचा. तोंडाने काही होत नाही."

"माझे कान मला माहीत नाहीत? मला कशाला रिपोर्ट?"

"तुम्हाला नाही. त्यांना."

मिस्त्री एकटाच गेला. सकाळी सातला जाऊन नंबर लावला, बाकावर बसला, दुपारी बारापर्यंत बसला. मग चौकशी केली तर खिडकीतली बाई म्हणाली, "दोनदा पुकारलं तुमचं नाव. तुम्ही कुठे होता?"

"इथेच. या बाकावर."

"मग ऐकलं नाहीत?"

आता यावर माणसाने काय बोलावं! कानाचा विभाग. बाकावर चाळीस माणसं, सगळी बहिरी नाहीतर अर्धबहिरी. आणि नंबर काय लावलाय, तर दारात उभं राहून तोंडाने पुकारायचा. ज्याने हे ठरवलं त्याला हार घालून गावभर मिरवायला हवा. भिंतीवर एक आकड्यांची पाटी लावायला किती अक्कल लागते? पण ती लावत नाहीत. मग पुकारा चुकलेली माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात, आणि वहीत लिहिलं जातं: रुग्ण हजर नव्हता. मिस्त्री बाकावरून उठला तो असा काही बोलला, की रखवालदाराला त्याचा दंड धरून त्याला जिन्यापर्यंत पोचवावं लागलं.

पुढच्या वेळी बायको रजा टाकून बरोबर आली. दारातली बाई पुकारायला लागली, तशी बायको उठली. "अहो ताई, आंधळ्यांच्या विभागात पाट्या दाखवून बोलावता का?" बाकावर ज्या दोघा-तिघांना ऐकू आलं ते हसले. बाकीच्यांना हसणाऱ्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं, मग तेही हसले. दारातली बाई रागाने लाल झाली, पण त्यानंतर ती प्रत्येकाजवळ जाऊन खांद्याला हात लावायला लागली. एक दिवसापुरतं का होईना.

आत तपासणारी बाई चाळिशीची होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती ओरडली नाही. खुर्ची ओढून समोर बसली, ओठ नीट दिसतील असं तोंड समोर धरून सावकाश बोलली, आणि मिस्त्रीला बऱ्याच दिवसांनी एक अख्खं वाक्य पहिल्या झटक्यात कळलं. त्यानेच तो अर्धा निवळला. तिने गिरणीचा कागद वाचला, भुवया वर केल्या. मग टेबलावर बोटाने दोन रेघा ओढल्या.

"आवाज आत जायला दोन वाटा आहेत, मिस्त्री. एक हवेची: कानाचं भोक, पडदा, पडद्यामागची तीन हाडं, आणि मग आतला गोगलगाईसारखा खरा कान. दुसरी वाट कवटीची. कानामागच्या हाडाला कंप दिला की तो पडदा-बिडदा सोडून थेट आतल्या कानाला पोचतो. दोन्ही वाटांनी तपासायचं. हवेतून कमी ऐकू येतं आणि हाडातून चांगलं, म्हणजे वाटेत अडथळा: मळ, पाणी, पडद्यामागचा आजार. दोन्हीकडून सारखंच कमी, म्हणजे आतला कानच झिजलाय. मोठ्या आवाजाने झिजतो तो आतला. कळलं?"

"यंत्राचं कळतं तसं कळलं," मिस्त्री म्हणाला. "पुली घसरतेय की मोटरच गेलीय, हे बघायचं."

"अगदी तेच. आणि या कागदाप्रमाणे तुमची पुली घसरतेय, मोटर त्यामानाने धडधाकट आहे."

"मोटर धडधाकट आहेच!" मिस्त्री ताठ बसला.

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, मोटर गेली असं निघायला हवंय आपल्याला. तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

काचेच्या खिडकीचं, जाड भिंतींचं खोलीच्या आतलं खोपट होतं. दार लागलं आणि मिस्त्रीच्या डोक्यातली नेहमीची शिट्टी मोठी झाली. आधी फोन. उजवा कान, डावा कान. मग डबी कानामागे. यावेळी दुसऱ्या कानात धबधब्यासारखी खरखर सोडली होती. बाईने आधीच सांगितलं होतं: कवटी एकच, डावीकडे दिलेला कंप उजव्या कानालाही पोचतो, म्हणून एका कानाला गुंतवून ठेवायचं आणि दुसऱ्याला विचारायचं. गाडीतल्या माणसाने हे केलंच नव्हतं. वेळ कुठे होता त्याला!

मिस्त्रीने बटण दाबायला सुरुवात केली. तोच सराव, तीच ऐट. काचेपलीकडे बाईची पेन्सिल थांबली. तिने तोच सूर परत दिला, मिस्त्रीने परत दाबलं. मग बाईने पेन्सिल ठेवली, दार उघडलं, आत आली, त्याच्या डोक्यावरून पट्टी उतरवली आणि डबी त्याच्या उजव्या कोपराच्या हाडावर धरली. दुसऱ्या हाताने खूण केली: चालू ठेवा, आलं की दाबा. बाहेर मदतनीस बाईने सूर सोडला.

मिस्त्रीने दाबलं.

परत सोडला. मिस्त्रीने परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा खिडकीबाहेर बायको पदराने तोंड दाबून वाकली होती.

"मिस्त्री," बाई त्याच्या समोर बसली, "कोपराने ऐकता का हो तुम्ही?"

मिस्त्रीने कोपराकडे पाहिलं. डबीकडे पाहिलं. मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थट्टा करता माझी? एकोणतीस वर्षं मी हाडाने यंत्रं ऐकलीत! शेडमध्ये विचारा! अख्ख्या गिरणीत माझ्यासारखं…"

"थट्टा नाही." ती आवाज न चढवता म्हणाली. "जाड सूर जोरात दिला की डबी थरथरते. ती थरथर कातडीला कळते, हाडाला कळते. कोपराला कळते, गुडघ्यालाही कळेल. ते ऐकणं नाही. ठार बहिऱ्या माणसालाही ते कळतं. गाडीतल्या माणसाने हे तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुमच्या प्रत्येक दाबण्याची त्याने नोंद केली. म्हणून कागदावर तुमचा आतला कान चांगला दिसतो. हवेतून नाही, हाडातून आहे. मग त्याने ठरवलं, वाटेत आजार आहे."

मिस्त्री उठला, दार ढकलून बाहेर आला, आणि बायकोकडे न बघता व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

बायकोने त्याला दहा मिनिटं दिली. मग चहाचे दोन पेले घेऊन गेली.

"हसले, चुकलं माझं," ती म्हणाली.

त्याने पेला घेतला. प्यायला नाही. "मागच्या थंडीत चौसष्ट नंबरचा माग बसला. आठवतं?"

"तुम्ही तेलवाल्याला शिव्या घालत घरी आला होता."

"तेलवाला मला आधीच म्हणाला होता, मिस्त्री, मोटर शिट्टी मारतेय. मी स्क्रू ड्रायव्हर लावला. काही नव्हतं. मी म्हटलं, चल, शहाणपणा शिकवू नकोस. चार दिवसांत बेअरिंग जाम. मी लिहून दिलं, याने मोटरीला तेल कमी घातलं. त्याला सफाईवर टाकलं." त्याने घसा खाकरला. "शिट्टी होती गं. बारीक शिट्टी. ती थरथरत नाही, ती ऐकावीच लागते. मला ती कधीपासून येत नाही कोण जाणे. मी आपला थरथर मोजत बसलोय. गडगड असली तर पकडतो, शिट्टी असली तर पास."

बायकोने आपला पेला कठड्यावर ठेवला. मग त्याला नीट दिसेल असं तोंड करून म्हणाली, "मग आत जाऊन हेच करा. ऐकू येईल तेवढंच दाबा."

"आणि हा रिपोर्ट बघून गिरणीच्या समितीने विचारलं तर? बहिरा फिटर माग पास करत होता, हे मी माझ्याच तोंडाने सांगू? त्यांच्या हातात कोलीत देऊ?"

"नाहीतरी काढतायतच. निदान खरं सांगून तरी भांडू. खोट्या कागदासाठी मी रजा टाकणार नाही परत."

त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि परत खोपटात गेला.

या वेळी बाईने आधी डबी त्याच्या तळहातावर ठेवली. "ही थरथर. ओळखून ठेवा. ही आली तर गप्प बसायचं. आवाज आला तरच दाबायचं. शंका आली तर नाही."

मिस्त्रीच्या आयुष्यात यापेक्षा अवघड काम झालं नाही. डबी कानामागे बसली. खरखर सुरू झाली. आणि मग हाड थरथरलं, स्पष्ट, ओळखीचं, मोटरसारखं. अंगठा आपोआप बटणाकडे गेला. त्याने तो मुठीत दाबून धरला. आवाज? नाही. परत थरथर. आवाज? त्याने डोळे मिटले, खोल आत शोधलं, कानाकोपरा धुंडाळला. नुसती शिट्टी, स्वतःच्याच डोक्यातली. थरथर वाढत गेली आणि त्याने दाबलं नाही. मग बऱ्याच वेळाने, डबी चांगलीच गुरगुरायला लागल्यावर, तिच्यामागून एक अंधुक हूं आलं, भिंतीपलीकडे कुणी कण्हावं तसं. तेव्हा दाबलं. पुढचे बारीक सूर आलेच नाहीत. म्हणजे बाई देत होती, खिडकीतून तिचा हात हलताना दिसत होता. हात हलायचा, आणि काही नसायचं. हात हलायचा, आणि काही नसायचं. एवढं काही आपल्या हातून निसटलंय, हे त्याला त्या खुर्चीत बसून, एका परक्या बाईचा हात बघत बघत कळत होतं. शर्ट पाठीला चिकटला. संताप आला, पण तो कुणावर काढायचा? खोपटाचं दार आपटावं, तर तेही गादीसारखं जाड.

शेवटी बाईने कानात रबरी बोंडी घालून हवेचा दाब दिला, पडदा हलतो का ते पाहिलं. कागदावर डोंगरासारखी सुरेख रेघ उमटली. "पडदा उत्तम, मागची तिन्ही हाडं मोकळी. वाटेत काही नाही. गिरणीने ही पाच मिनिटांची तपासणी केली असती, तरी स्वतःची चूक कळली असती." तिने लिहिलं: दोन्ही वाटांनी सारखीच घट, दोष आतल्या कानाचा, रोजच्या मोठ्या आवाजाने होतो तशा स्वरूपाचा. खाली सही, शिक्का, आणि पहिला रिपोर्ट का चुकला त्याच्या चार ओळी.

बायकोने तो कागद दोन वेळा घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. "आता मागू दे गिरणीला कागद," ती म्हणाली.

समितीसमोर तारीख मिळाली ती महिना संपायच्या आदल्या दिवशी. लांब टेबलापलीकडे तिघं: लेबर ऑफिसर, गिरणीचा डॉक्टर, आणि एक कामगारांच्या वतीने बसवलेला माणूस, जो सतत घड्याळ बघत होता. मिस्त्रीच्या बाजूला बायको, ऐकून सांगायला. त्यालाही ऑफिसरने आधी हरकत घेतली. बायको म्हणाली, "ठीक आहे, मी जाते. तुम्ही बोला, ते ऐकतात का बघा." तिला बसू दिलं.

ऑफिसरने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "पहिल्या तपासणीत हाडातून चांगलं ऐकू येतं. गिरणीचं पत्र गेलं. आणि दुसऱ्या तपासणीत एकदम येत नाही. वा! सोयीचं बहिरेपण दिसतंय."

बायकोने ते जसंच्या तसं सांगितलं, शेवटचं वाक्य गाळून. पण मिस्त्रीने ऑफिसरचं तोंड वाचलं होतं.

तो उभा राहिला. लोकांना वाटलं आता टेबल उलटणार. त्याच्या मानेवरची शीर तशीच ताठ झाली होती. पण तो म्हणाला, "पहिल्यांदा मी खोटं दाबलं, साहेब. मुद्दाम नाही. डबी थरथरली की मला वाटायचं ऐकू आलं. मागाच्या मोटरींचंही तेच. तीन-चार वर्षं झाली असतील, मी मोटर ऐकत नाही, नुसती चाचपतो. मागच्या थंडीत चौसष्ट नंबर माझ्यामुळे बसला. तेलवाल्याने सांगितलं होतं. त्याचा दोष नव्हता. हे लिहून घ्या."

घड्याळ बघणाऱ्याने घड्याळ बघणं सोडलं.

ऑफिसर पुढे झुकला. शिकार जाळ्यात आली असं त्याला वाटलं. "म्हणजे तीन-चार वर्षं तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि तरी तुम्ही माग पास करत होता? किती धोक्याचं आहे हे, कळतं का?"

बायको सांगायला वळली. मिस्त्रीने हाताने तिला थांबवलं. एवढं त्याला कळलं होतं.

"कळतं. म्हणून सांगतोय. आणि या तीन-चार वर्षांत तुम्ही किती वेळा माझे कान तपासले?"

ऑफिसर समोरची फाइल चाळायला लागला.

"एकदाही नाही. एकोणतीस वर्षांत ती एक गाडी आली. मोटरीला दर महिन्याला तपासता, तिच्यावर तारीख रंगवता. माझ्या कानावर कुठली तारीख आहे? शेडमध्ये अजून दोनशे माणसं आहेत. त्यांच्यातला कोण ऐकतोय आणि कोण चाचपतोय, तुम्हाला माहीत आहे? मला तरी आता कळलं. तुम्हाला अजून नाही."

"आवाज खाली!" ऑफिसर म्हणाला.

"खाली कसा करू? मलाच येत नाही तो," मिस्त्री म्हणाला, आणि ते तो विनोद म्हणून बोलला नव्हता.

डॉक्टर इतका वेळ पडद्याच्या तपासणीचा कागद बघत होता, तो डोंगरासारखी रेघ असलेला. त्याने पहिला रिपोर्ट परत उचलला, मागची बाजू पाहिली, कोरी होती. "ही तपासणी आपल्याकडून झालीच नाही?" त्याने ऑफिसरला विचारलं. ऑफिसरने खांदे उडवले. दुसऱ्या कानात खरखर सोडली होती का, याचीही नोंद नव्हती. डॉक्टर थोडा वेळ पेनाने टेबलावर ठकठक करत राहिला. तो मिस्त्रीचा मित्र नव्हता. चुकीच्या कागदावर स्वतःची सही आहे हे त्याला दिसलं होतं, आणि ते त्याला झोंबत होतं. "दुसरा रिपोर्ट ग्राह्य," तो शेवटी म्हणाला. "दोष आवाजाचा. फिटरचं काम बंद, स्टोअरमध्ये बदली, हुद्दा तोच. यंत्रासाठी शिफारस." मग ऑफिसरकडे न बघता म्हणाला, "तेलवाल्याचं प्रकरण वेगळं बघावं लागेल."

बायकोने मिस्त्रीच्या दंडाला घट्ट धरलं आणि एकेक शब्द सांगितला. त्याने मान हलवली. आनंद झाल्यासारखा दिसला नाही. स्टोअर म्हणजे पत्र्याचं कपाट, नोंदवही आणि खिडकी. आत जाऊन मागाला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदाच कुणी तोंडावर सांगितलं होतं, आणि ते त्याने स्वतः भांडून मिळवलं होतं.

खाली ऑफिसात परत तोच कारकून, तीच काच. त्याने नवा फॉर्म सरकवला. "स्टोअरमध्ये बदली. इथे सही."

मिस्त्रीने फॉर्म उलटसुलट पाहिला. "आणि ते पत्र? आजारी, अपात्र, ते?"

बायकोने विचारलं. कारकून म्हणाला, "ते फाइलला राहील. रद्द करायचं वेगळं पत्र असतं. पंधरा दिवस लागतात. तुम्ही सही तर करा."

बायकोने सांगितलं. मिस्त्रीने पेन खाली ठेवलं.

"ते रद्द झाल्याशिवाय सही नाही."

"अहो, पण बदली मिळाली ना तुम्हाला!" कारकून ओरडला, काचेच्या भोकाला तोंड लावून, जसं काही त्याने तो आवाज पोचणार होता. "कागदाचं काय एवढं?"

"माझ्या फाइलमध्ये खोटं लिहिलंय," मिस्त्री म्हणाला. "ते राहिलं, तर पुढच्या साली कुणीतरी तेच वाचेल आणि मला परत डबी लावायला पाठवेल. पंधरा दिवस लागतात ना? लागू देत. टाइप करायला किती लागतात? दहा मिनिटं. मी बसतो."

तो भिंतीजवळच्या बाकावर बसला. बायकोने घड्याळ पाहिलं. तिची दुपारची पाळी अर्ध्या तासात सुरू होणार होती.

"तुम्ही येताय की नाही?"

"तू जा. मी इथे आहे."

"आणि कुणी काही बोललं तर ऐकणार कोण? मी गेले की हे म्हणतील, पुकारलं होतं, आले नाहीत." ती मटकन त्याच्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर ओढली आणि कारकुनाला मोठ्याने म्हणाली, "भाऊ, काय ते लिहून दाखवा. तोंडी काही चालायचं नाही."

कारकुनाने दोघांकडे पाहिलं. मग वरच्या मजल्याकडे पाहिलं. मग कोरा कागद काढून टाइपिंगच्या मशिनला लावला, आणि तो वाकडा गेला म्हणून शिवी घालत परत बाहेर ओढला.